ठशांची शाई रंग लावला की पसरते, जेसोवर वाळतच नाही, काय चुकतंय?

रेवा_चिपळूण

नमस्कार मंडळी, मागच्या वर्षी आई गेली, तिचं सामान आवरताना एका डब्यात किराणा मालाच्या याद्या सापडल्या, तिच्याच अक्षरातल्या, शिवाय एसटीची जुनी तिकिटं आणि कालनिर्णयची फाडून ठेवलेली पानं ज्यावर दुधाचा हिशोब आणि कामवाल्या मावशींचे खाडे लिहिलेत. टाकवेना म्हणून त्याची एक वही करायला घेतली आहे, म्हणजे आर्ट जर्नल म्हणतात तसली, कागद चिकटवायचे, रंग, ठसे, वर थोडं लिहायचं. पन्नास पानांची आहे, सात झालीत आणि त्यातली चार बिघडली.

ठसे दोन प्रकारचे आहेत, ऑनलाइन घेतलेले पारदर्शक (जास्वंद आणि आंब्याची पानं) आणि एक लाकडी साडीच्या छपाईचा. शाई म्हणून घरातलंच ऑफिसचं जांभळं स्टॅम्प पॅड वापरलं. जास्वंद छान उमटली, दोन तास वाळू दिली, वर हलका पिवळा वॉटरकलर फिरवला आणि अख्खं पान जांभळं झालं. मग कुठेतरी वाचलं की आधी जेसो (रंगाआधी कागदावर द्यायचा पांढरा लेप) लावायचा, म्हणून पुढच्या पानाला जेसो लावून त्यावर ठसा मारला तर आज पाचवा दिवस आहे, बोट लावलं तर शाई बोटाला येते. त्यात इकडे पाऊस, वही मिटून ठेवली तर दोन पानं एकमेकांना चिकटली आणि सोडवताना एका यादीचा कोपरा गेला, त्या दिवशी फार रडू आलं.

आणि अजून एक, मराठी अक्षरांचे ठसे कुठेच मिळत नाहीत, इंग्रजी ए बी सी डी ढीगभर आहेत पण मला 'आई' एवढं दोन अक्षरी उमटवायचं तर मिळत नाही. कोणी करत असेल तर सांगा प्लीज.

मुक्ता_शाईपॅड

रेवा, सगळ्यात आधी एक सांगते, मूळ याद्या आता वहीत लावू नकोस. लगेच थांब. त्यांच्या झेरॉक्स काढ आणि त्या लाव, आणि झेरॉक्सच, किंवा लेझर प्रिंट, घरच्या इंकजेटवरची नको कारण इंकजेटची शाई डिंक लागला की पसरते. मूळ कागद वेगळ्या पाकिटात कोरडे ठेव. वही बिघडली तर दुसरी करता येईल.

आता शाई. तुझं काही चुकलेलं नाहीये, ते पॅडच या कामाचं नाही. ऑफिसच्या पॅडची शाई मुद्दाम अशी बनवतात की पॅडमध्ये ती सुकू नये, त्यात ग्लिसरीन किंवा ग्लायकॉलसारखं काहीतरी असतं, म्हणजे ती हवेने वाळत नाही तर कागदात मुरते. साध्या कागदावर मुरली की आपल्याला वाटतं वाळली. पण रंग पाण्यात विरघळणारा असल्यामुळे वरून ओला ब्रश फिरला की परत सुटतो. आणि जेसो म्हणजे अ‍ॅक्रिलिकचा थर, शाईला मुरायला जागाच नाही, मग ती वर तशीच बसून राहते, पाच दिवस काय महिनाभर राहील. शिवाय तो जांभळा उजेडात फिका पडतो, आईच्या वहीत तो नकोच.

मी शाई निवडताना एकच प्रश्न विचारते, या ठशाच्या नंतर त्यावर काय येणार आहे? ओला रंग येणार असेल तर पाण्याने न हलणारी शाई हवी, रेंजरची आर्काइव्हल किंवा व्हर्साफाइन. व्हर्साफाइन पिगमेंटची आहे, बारीक रेघा फार सुंदर उमटतात पण वाळायला वेळ घेते, जेसोवर तर खूपच, तिथे हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) लागतेच. स्टेझऑन प्लास्टिकवर काचेवर सगळीकडे पटकन वाळते, जेसोवरही, फक्त वास उग्र आहे, खिडकी उघडी ठेव, आणि पारदर्शक ठशाला डाग पडतो तो जात नाही. उलट तुला शाई पसरायलाच हवी असेल तर डिस्ट्रेस इंक, ती पाण्याने मुद्दाम पसरते, मागच्या ढगाळ पोतासाठी झकास. म्हणजे वाईट शाई अशी नसतेच, फक्त तिची पाळी कधी ते बघायचं.

जेसो जाड लावलास का? पातळ दोन हात दे, पहिला आडवा दुसरा उभा, मध्ये पूर्ण वाळू दे, ब्रशच्या रेघा राहिल्या तर बारीक पॉलिश पेपरने घास नाहीतर ठसा तुटक येतो. आणि नवीन पारदर्शक ठसे वापरण्याआधी त्यावर खोडरबर हलकंसं फिरव, वर जो गुळगुळीत थर असतो तो निघतो, मग शाई थेंबाथेंबाने गोळा होत नाही. ठसे उन्हात ठेवू नकोस, पिवळे पडून कडक होतात.

बिघडलेली चार पानं फाडू नकोस, ज्यावर शाई ओली आहे ते पान टिपकागदाने दाब दे, हळूच, घासायचं नाही, मग त्यावर झेरॉक्सचा कोलाज येऊ दे. जांभळं झालेलं पान तर मला वाटतं तसंच ठेवावं, कडेने डोकावू दे.

गुरुजी_सावंतवाडी

ताई, मी बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. महागडं सामान येईपर्यंत ठसेकाम सुरू करा. भेंडी आडवी कापली की फूल मिळतं, कांद्याचे वर्तुळं, कारल्याची कड, पिंपळाचं पान शिरांच्या बाजूने. भाजी कापल्यावर पाच-दहा मिनिटं उपडी ठेवून पाणी निथळू द्यायचं नाहीतर रंग पातळ होतो, एवढं एकच पथ्य. शाईऐवजी अ‍ॅक्रिलिक रंग स्पंजवर घेऊन स्पंजाने ठशाला टिपायचा, बुडवायचा नाही. तुमच्या आईच्या याद्यांमध्ये भेंडी कांदे नक्की असतील, त्याच भाजीचा ठसा त्याच यादीशेजारी आला तर किती बोलकं होईल.

रांगोळीच्या जाळ्या मिळतात ना बाजारात, भोकाभोकाच्या, त्या स्टेन्सिल म्हणून वापरा, कोरडा स्पंज आणि अगदी थोडा रंग.

तो साडीचा लाकडी ठसा बहुतेक सागवानी असेल, गुजरातेत पेथापूरला असे ठसे कोरणारे कारागीर आहेत. तो छोट्या पॅडवर दाबून उपयोग नाही आणि टेबलावर कडक पृष्ठावर तर अजिबात नाही. वहीच्या पानाखाली चार-पाच वर्तमानपत्रांची घडी किंवा जुनी चादर दुमडून ठेवा, ठसा ठेवून मुठीने एकदा ठोका. कापडाच्या छपाईवाले टेबलावर गादी घालतात ती याचसाठी. आणि अ‍ॅक्रिलिक वाळायच्या आत ठसा जुन्या टूथब्रशने धुवा, कोरीव भागात रंग सुकला की ठसा गेला म्हणून समजा.

खिळेजुळारी

मराठी अक्षरांचं वाचलं आणि राहवलं नाही. माझे वडील छापखान्यात जुळारी होते, लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसून खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे टाइप, लावायला शिकलो, त्यामुळे हा विषय जवळचा आहे.

देवनागरीचा संच बाजारात का नाही याचं कारण साधं आहे, इंग्रजीला सव्वीस ठसे पुरतात, आपल्याकडे काना मात्रा वेलांटी उकार रफार अर्धी अक्षरं जोडाक्षरं, सगळं धरलं की संख्या कुठल्या कुठे जाते. छापखान्यात आमच्याकडे खिळ्यांच्या केसेस भिंतीभर असायच्या. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, त्यांचे टाइप इतके सुबक होते की आजही ती जुनी पुस्तकं उघडली की नजर थांबते, आणि ते सगळं हाताने कोरलेल्या पंचांवर (टाइपच्या मूळ पोलादी ठशांवर) उभं होतं. म्हणजे हाताने होतं, ताई, आणि दोन-चार शब्दांपुरतं तर घरीच होतं.

साधं पांढरं मोठं खोडरबर घ्या, नटराज अप्सरा कुठलंही, आणि लिनो कोरायचं हत्यार किंवा बारीक कटर. बटर पेपरवर मऊ पेन्सिलने (६बी चांगली) अक्षर सुलट काढा, तो कागद उपडा करून खोडरबरावर ठेवा आणि नखाने घासा, पेन्सिल उलटी उमटते, म्हणजे कोरलेला ठसा आपोआप सुलट छापतो. उलटं कसं काढू हा विचारच करायला लागत नाही. कटर थोडा बाहेरच्या बाजूला तिरका धरा, अक्षराच्या रेघेखाली पाया रुंद राहिला पाहिजे, सरळ किंवा आत कापलं तर रेघ छापताना वाकते.

आता मुख्य गोष्ट, शिरोरेषा ठशात कोरू नका. सगळे तिथेच फसतात, एकेक अक्षर शिरोरेषेसकट कोरतात आणि छापताना रेषा वरखाली होऊन शब्द दातपडका दिसतो. अक्षरं बिनरेषेची कोरा, ओळीत छापा, आणि वरून एकच रेषा द्या. रेषेसाठी जुन्या प्लास्टिक कार्डाची कड पॅडवर टेकवून कागदावर टेकवा, साडेआठ सेंटीमीटरची सरळ रेघ एका दाबात येते आणि ती ठशाचीच वाटते. किंवा बोरूने कॅमलची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक वापरून ओढा, ती वाळली की पाण्याने हलत नाही, फक्त फाउंटन पेनात चुकूनही भरू नका. (कॅमल ज्यांची त्या कॅम्लिनच्या दांडेकरांनी १९३१ साली सुरुवातच शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून केली होती, मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.)

काना वेगळा कोरा, तोच काना ओ औ ला चालतो. अनुस्वाराला पेन्सिलच्या मागचं रबर थोडं निमुळतं करून घ्या. अर्ध्या अक्षरांसाठी नवीन ठसा नको, ज्या अक्षरांना शेवटी दांडी आहे, त स ल न म वगैरे, त्या दांडीवर चिकटपट्टी लावायची, मग शाई लावायची, मग पट्टी काढून छापायचं, अर्धं अक्षर तयार. क आणि फ ला ही युक्ती चालत नाही, ते वेगळे कोरावे लागतात.

रेवा_चिपळूण

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, दोनदा वाचलं. आज मूळ याद्या सगळ्या बाहेर काढल्या आणि झेरॉक्स करून आणल्या, मुक्ता, थँक्यू गं, नाहीतर मी अजून गमावल्या असत्या. आर्काइव्हल काळी मागवली आहे.

पण एक नवीन घोळ झाला, शेजारच्या मुलीची हीट गन आणली आणि जेसोचं पान वाळवायला घेतलं, त्यावर एसटीचं तिकीट लावलं होतं, ते बघता बघता काळं पडलं. दुसऱ्या पानावरच्या जुन्या छोट्या तिकिटाला काहीच झालं नाही. असं का?

देवगडकर_मीरा

रेवा, काळं पडलेलं तिकीट मशीनमधून निघालेलं होतं ना? तो थर्मल कागद असतो, त्यात शाई नसतेच, उष्णतेनेच अक्षर उमटतं, म्हणून हीट गन लागली की सगळाच कागद काळा. जुनी पंच केलेली तिकिटं छापलेली असतात म्हणून ती टिकली. थर्मलची तिकिटं, बिलं, एटीएमच्या पावत्या सगळ्या नुसत्या ठेवल्या तरी काही वर्षांत पुसट होतात, आत्ताच झेरॉक्स काढून ठेव.

पानं चिकटण्याचं आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना विचारा. अ‍ॅक्रिलिक आणि जेसो वरून वाळले तरी दमट हवेत एकमेकांना धरतात, आणि चकचकीत मीडियम (वरून द्यायचा पारदर्शक लेप) तर जास्तच. मी असं करते, पान झाल्यावर निदान दोन दिवस वही पंख्याखाली उघडी, मग वर मॅट मीडियमचा पातळ हात (त्याआधी शाई पक्की वाळलेली हवी नाहीतर ब्रशने ओढली जाते), तो वाळला की साध्या पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा हलका फिरवून मऊ फडक्याने पुसते. मेण सगळ्यात शेवटी, कारण मेणावर नंतर काहीच बसत नाही. आणि दोन पानांमध्ये बेकिंगचा कागद. वही आडवी दाबून नाही, उभी ठेवायची, सैल. कपाटात सिलिकाच्या पुड्या. कालनिर्णयच्या पानांना बुरशीचे ठिपके दिसले तर आधी कोरड्या ब्रशने घराबाहेर झटक, वहीत आणून मग नको.

चिकटवायला पातळ फेविकॉल भरपूर लावते आहेस का? कागद फुगतो त्याने. कमी आणि कडेपर्यंत.

मुक्ता_शाईपॅड

मीराताईंचं मेणाचं मी पण करून बघणार, पुण्यात एवढा दमटपणा नाही पण जुलैमध्ये होतंच. रेवा, पुढची वही करशील तेव्हा कागद बदल, ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, वॉटरकलरचा घे, किंवा शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला हातकागद, मी तिथलाच वापरते, फक्त आधी कोपऱ्यावर एक ठसा मारून बघायचा, काही हातकागद शाई इतकी पितात की बारीक रेघ जाड होते, तिथे मोठे ठळक ठसेच छान दिसतात.

रेवा_चिपळूण

दहा दिवसांनी लिहिते आहे. 'आई' कोरलं. पहिलं खोडरबर फुकट गेलं, दुसऱ्यावर जमलं, काना वेगळा कोरून अ ला जोडला, ई ची वरची मात्रा (तिला काय म्हणतात?) बोरूने काढली आणि शिरोरेषा कार्डाच्या कडेने. आर्काइव्हल काळीत छापलं, वाळल्यावर वरून पिवळा वॉटरकलर फिरवला, एक कण हलला नाही. बराच वेळ बघत बसले होते.

भेंडीचा ठसा पण केला गुरुजी, ज्या यादीत 'भेंडी पाव किलो, कोवळी बघून' असं लिहिलंय तिच्या शेजारी.

आणि त्यावरून एक सुचलं. आई प्रत्येक यादीच्या खाली 'सुटे आणणे' असं लिहायची, प्रत्येक यादीत, न चुकता. त्यातलं सगळ्यात स्वच्छ एक स्कॅन करून बाजारपेठेतल्या शिक्केवाल्या काकांकडे दिलं, ते म्हणाले होईल, फक्त स्कॅन काळापांढरा आणि मोठा द्या, उलटं आम्ही करतो. मी सांगितलं कशासाठी आहे ते, तर त्यांनी शेवटच्या 'णे' ची मात्रा पुसट होती ती दाखवली आणि विचारलं, ठळक करू का. मी म्हणलं नको, तशीच राहू द्या, ती मात्रा नेहमी घाईत द्यायची.

शिक्का शुक्रवारी मिळणार आहे.

खिळेजुळारी

त्याला ई चा रफार म्हणायचो आम्ही, खिळा वेगळा असायचा त्याचा. शिक्का आला की पहिला ठसा साध्या कागदावर मारून इथे फोटो टाका.