आईसोबत पाहण्याजोगे माहितीपट सुचवा (दीड तासाच्या आतबाहेरचे, वाचन कमी असलेले)

संथवाहिनी:
नमस्कार मंडळी. माझ्या आईला माहितीपटांची मनापासून आवड आहे आणि रविवारी दुपारी आम्ही दोघी मिळून एखादा पाहतो. अलीकडे मात्र पडद्याच्या तळाशी भराभर बदलणारी उपशीर्षके तिला वाचवत नाहीत, आणि इंग्रजी निवेदनाचा वेगही तिला झेपत नाही. त्यामुळे बोलणे आणि वाचणे शक्य तितके कमी असलेले माहितीपट हवे आहेत. लांबी दीड तासाच्या आसपास असावी, कारण त्याहून जास्त वेळ तिला एका जागी बसवत नाही. माणसांची कत्तल, छळ असले विषय सध्या नकोत. प्राणी, प्रवास, कारागिरी, दूरदेशीच्या माणसांचे जगणे यांपैकी काहीही चालेल. आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. कोणतेही विलक्षण दृश्य आले की आई विचारते, "हे आपोआप घडलं, की यांनी घडवून आणलं?" त्यावर काही ठोस उत्तर देता आले तर मला फार आवडेल.

जुना_प्रेक्षक:
माहितीपट पाहायचा तर क्लोद लांझमान यांचा 'शोआ' (1985) पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सुमारे साडेनऊ तासांच्या या कृतीत जुन्या चित्रफितींचा एकही तुकडा वापरलेला नाही. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या कत्तलीचा हा विषय. छळछावण्यांतून वाचलेले, शेजारी राहून सारे पाहिलेले आणि त्या यंत्रणेत काम केलेले लोक बोलत राहतात, आणि अधूनमधून गवताने झाकलेल्या त्या जागा दिसतात, एवढ्यावर लांझमान यांनी हे सारे उभे केले आहे. लांबीची अडचण वाटत असेल तर चार-पाच रविवारांत विभागून पाहता येईल. मी तो पूर्ण पाहिला आहे आणि त्यानंतर या प्रकारातले दुसरे कोणतेही काम मला त्याच्या तोडीचे वाटलेले नाही.

निळावंती:
काका, 'शोआ'ची थोरवी मान्य आहे, पण ताईंनी कत्तलीचे विषय नकोत असे स्वच्छ लिहिले आहे, आणि तो जवळजवळ सगळा उपशीर्षके वाचूनच समजून घ्यावा लागतो. ताई, तुम्ही 'माय ऑक्टोपस टीचर' (2020) पाहा. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत केल्प नावाच्या उंच समुद्रवनस्पतींच्या रानात एक माणूस रोज सूर मारून एकाच ऑक्टोपसला भेटायला जातो, असा साधा विषय आहे. शार्कपासून वाचण्यासाठी ती मादी शंखशिंपले अंगाला घट्ट लपेटून गोळा होऊन बसते, ते दृश्य आमच्या घरी सगळ्यांनी पुन्हा मागे नेऊन पाहिले. 85 मिनिटांचा आहे आणि त्याला ऑस्करही मिळाले आहे.

तळ्याकाठी:
'माय ऑक्टोपस टीचर' सुंदर आहे, परंतु त्यात तो माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत इंग्रजीत बोलतो, आणि नेमकी तीच अडचण मूळ प्रश्नात मांडली आहे. माझी शिफारस 'मायक्रोकॉसमॉस' (1996) या फ्रेंच माहितीपटाची आहे. क्लोद न्यूरिदसानी आणि मारी पेरेनू या दोघांनी तो केला आहे आणि लांबी सुमारे 80 मिनिटे आहे. निवेदनाची मोजकी वाक्ये सोडली तर सगळा वेळ कुरणातले कीटक, पाणी, वारा आणि संगीत एवढेच आहे. शेणाचा गोळा मागच्या पायांनी ढकलत नेणाऱ्या एका भुंगेऱ्याचा प्रसंग तर मी कधीही विसरणार नाही. गोळा वाटेतल्या काट्यावर रुतून बसतो. भुंगेरा आधी या बाजूने ढकलतो, मग त्या बाजूने, मग खाली शिरून उचलून पाहतो, आणि आपण नकळत त्याच्यासाठी श्वास रोखून धरतो. पावसाचे टपोरे थेंब किड्यांच्या आसपास कोसळतात तेव्हा त्यांच्या जगात पाऊस म्हणजे केवढे संकट असेल, हे एकाही शब्दाशिवाय कळते.

खडा_सवाल:
तो काटा नेमका त्या वाटेवर कसा आला, हा आईंचा प्रश्न मला अतिशय रास्त वाटतो आणि इथल्या कोणीही त्याला हात घातलेला नाही. निसर्गपटांचा इतिहास या बाबतीत स्वच्छ नाही. डिस्ने कंपनीच्या 'व्हाइट वाइल्डरनेस'मध्ये (1958) लेमिंग नावाचे छोटे उंदरासारखे प्राणी कड्यावरून पाण्यात उड्या घेतात असे दाखवले होते. ते चित्रण कॅनडातल्या, समुद्रापासून दूर असलेल्या अल्बर्टा प्रांतात झाले होते, प्राणी बाहेरून आणलेले होते आणि त्यांना कड्यावरून ढकलण्यात आले होते. कॅनडाच्या सरकारी वाहिनीने 1982 साली हे उघडकीस आणले, तोपर्यंत लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात ही समजूत जगभर पसरून गेली होती. या चित्रपटालाही ऑस्कर मिळालेले होते, हे निळावंती यांनी ध्यानात घ्यावे. अगदी 2011 च्या 'फ्रोझन प्लॅनेट'मधली बर्फाच्या गुहेतली ध्रुवीय अस्वलाची नवजात पिल्ले प्राणिसंग्रहालयात चित्रित केलेली होती.

संकलनमेज:
चित्रपटांच्या संकलनाचे काम मी करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वरची दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण ती एका मापाने मोजता येणार नाहीत. लेमिंगांच्या बाबतीत निसर्गात न घडणारी गोष्ट घडवून दाखवली गेली. अस्वलाच्या बाबतीत निसर्गात घडणारी, पण जिथे कॅमेरा नेला तर आईपासून पिल्लांना धोका होऊ शकतो अशी गोष्ट दुसरीकडे चित्रित केली गेली, आणि निर्मात्यांनी तशी माहिती संकेतस्थळावर दिलेली होती. माझा आक्षेप एवढाच, की ती पडद्यावर सांगायला हवी होती.

आईंना सांगण्याजोगी त्याहून रंजक गोष्ट आवाजाची आहे. दूरवरून मोठ्या भिंगाने टिपलेल्या प्राण्याचा आवाज कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे निसर्गपटांत ऐकू येणारी पावले, पंखांची फडफड, गवत चावल्याचा आवाज यांतले बरेचसे नंतर स्टुडिओत तयार केलेले असते. बर्फावरील पावलांचा आवाज मक्याच्या पांढऱ्या पिठाची (कॉर्नफ्लोअरची) पिशवी मुठीत दाबून काढतात. मऊ पीठ दाबले गेले की तसाच करकर आवाज येतो. हे एकदा कळले की माणूस निसर्गपट वेगळ्या कानांनी ऐकू लागतो.

आणि घडवून आणलेले दृश्य म्हणजे फसवणूकच, असेही नाही. एरॉल मॉरिस यांच्या 'द थिन ब्लू लाइन'मध्ये (1988) एका खुनाचा प्रसंग नटांकरवी पुन्हा पुन्हा उभा केला आहे, प्रत्येक साक्षीदार सांगेल तसा. त्यातून साक्षींमधली विसंगती उघडी पडली आणि रँडल डेल ॲडम्स हा शिक्षा भोगणारा निरपराध माणूस 1989 साली सुटला.

भिंतभर_पडदा:
चर्चा भरकटते आहे. बोलणे नको, वाचणे नको, एवढ्या अटींवर पहिले नाव 'संसार' (2011) हेच यायला हवे होते. रॉन फ्रिक यांनी 70 मिलिमीटरच्या फिल्मवर, 25 देशांत फिरून, सुमारे पाच वर्षांत तो चित्रित केला आणि त्यात एकही संवाद नाही. लडाखच्या मठात भिक्खू रंगीत वाळूचे मंडल कणाकणाने रचतात आणि पूर्ण झाल्यावर स्वतःच पुसून टाकतात, ते मी घरी पूर्ण भिंत व्यापणाऱ्या प्रोजेक्टरवर पाहिले आहे आणि लहान पडद्यावर त्याची कल्पनाही येणार नाही. प्रोजेक्टर घ्या, असाच माझा सल्ला आहे. माहितीपट त्यानंतर निवडा.

निळावंती:
'संसार' 102 मिनिटांचा आहे आणि त्यातली कोंबड्यांच्या कारखान्याची दृश्ये वयस्कर माणसाला अस्वस्थ करू शकतात, एवढे सांगणे मला आवश्यक वाटते. प्रोजेक्टरचा प्रश्न कोणी विचारलेला नाही.

रात्रपाळी:
उपशीर्षके टाळण्यासाठी भाषांतरित आवाजाची वाट कोणी सुचवणार असेल तर आधीच विनंती करतो की तिकडे जाऊ नका. एका ओटीटी सेवेवर मी एक निसर्गमालिका हिंदी आवाजात लावली होती. मूळ निवेदक जिथे मुद्दाम गप्प बसला असेल तिथेही हा आवाज काहीतरी सांगतच होता. त्यावर कळस म्हणजे शेवटचे दृश्य संपण्याआधीच दुसऱ्या कार्यक्रमाची जाहिरात पडद्यावर चढली. सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून ठेवा, एवढी एक गोष्ट नक्की करा. बाकी 'माय ऑक्टोपस टीचर' मलाही आवडला होता.

हातमाग:
कारागिरीचा उल्लेख ताईंनी केला आहे, म्हणून बर्ट हान्स्ट्रा यांचा 'ग्लास' (1958) सुचवते. हा डच लघुपट अवघा 11 मिनिटांचा असून त्यात एकही शब्द नाही. काच फुंकणारे कारागीर गाल फुगवून तापलेल्या लालभडक गोळ्याला आकार देतात आणि पाठीमागे जॅझ संगीत चालते. मग कारखाना येतो, जिथे बाटल्या यंत्रातून ठराविक ठेक्यात बाहेर पडतात. एक बाटली मानेशी मोडते, यंत्राला ते कळत नाही, आणि मागून येणारी प्रत्येक बाटली खाली पडून फुटू लागते, शेवटी एका माणसाच्या हाताला येऊन ते सोडवावे लागते. मुख्य माहितीपटाच्या आधी हा नक्की दाखवा.

मुख्य म्हणून 'हनीलँड' (2019) पाहा, असे सुचवते. उत्तर मॅसेडोनियाच्या डोंगरात आजारी आईला सांभाळत, रानमधमाश्यांचा मध काढून जगणारी हातिजे ही त्याची नायिका आहे. पोळ्यातला निम्मा मध घ्यायचा आणि निम्मा माश्यांसाठी ठेवायचा हा तिचा नियम आहे, आणि शेजारी राहायला आलेले कुटुंब तो मोडते तेव्हा काय होते ते आपण पाहतो. तीन वर्षांत 400 तासांहून अधिक चित्रण झाले. ती बोलते ती तुर्की बोली दिग्दर्शकांना येत नव्हती, म्हणून संकलन आधी केवळ चित्रांवरून झाले. उपशीर्षके आहेत, पण कथा चेहऱ्यांवरून कळते ती याचमुळे.

खडा_सवाल:
संकलनमेज यांच्या विवेचनानंतरही माझा मुद्दा कायम आहे. उत्तर कॅनडातल्या एका इनुइट शिकाऱ्यावरच्या ज्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'ला (1922) माहितीपटांचा आद्य मानतात तो तर घडवून आणलेल्या दृश्यांनी भरलेला आहे. नायकाचे खरे नाव अल्लाकारियाल्लाक होते. त्याच्या बायका म्हणून दाखवलेल्या स्त्रिया त्याच्या बायका नव्हत्या. त्या काळी बंदुकीने शिकार होत असताना दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी भाला चालवायला लावला. आणि कॅमेरा आत मावावा, उजेड मिळावा म्हणून बर्फाचे घर एका बाजूने उघडे बांधले. तो पाहण्यात वेळ घालवू नये, ही माझी विनंती.

जुना_प्रेक्षक:
'नानूक'बद्दल प्रथमच खडा_सवाल यांच्याशी सहमत आहे. 'शोआ'चा विचार मात्र करावा.

संथवाहिनी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'ग्लास' आणि 'मायक्रोकॉसमॉस' यादीत टिपून घेतले आहेत, आणि पिठाच्या पिशवीची गोष्ट आईला सांगितल्यावर तिने स्वयंपाकघरातून पीठ आणायला लावले. 'हनीलँड' मी आधी एकटीने पाहीन, कारण त्यातल्या आजारी आईचा भाग आमच्याकडे आत्ता चालेल की नाही याची मला खात्री नाही.

या रविवारसाठी मात्र मी 'नानूक ऑफ द नॉर्थ' ठरवला आहे. तो मूक आहे, त्यामुळे निवेदनाचा प्रश्न येत नाही. पाट्या मोठ्या अक्षरांत, पूर्ण पडद्यावर येतात. तिथे थांबवून मी त्या मराठीत वाचून दाखवू शकते, जे पळत्या उपशीर्षकांच्या बाबतीत जमत नाही. खडा_सवाल यांनी दिलेली यादी मी मुद्दाम लिहून घेतली आहे. ज्या माहितीपटातले काय घडले आणि काय घडवले हे इतके नेमके माहीत आहे, तो आईच्या प्रश्नासाठी मला सर्वांत योग्य वाटतो. उघड्या घराचे दृश्य आले की ती आपणहून ओळखते का, तेही पाहायचे आहे.

संकलनमेज:
निवड चांगली आहे. फक्त प्रत नीट पाहून घ्या. मूकपटांचा वेग यंत्रानुसार कमीजास्त होत असे, म्हणून चुकीच्या वेगाने उतरवलेल्या प्रतींत माणसे तुरुतुरु पळताना दिसतात. सुमारे 79 मिनिटांची, दुरुस्त केलेली प्रत घ्या. बर्फाच्या घराला खिडकी म्हणून स्वच्छ बर्फाची लादी बसवतात आणि उजेड आत यावा म्हणून तिच्या शेजारी बर्फाचा पांढरा ठोकळा उभा करतात, तो प्रसंग त्या प्रतीत सावकाश आणि स्पष्ट दिसतो.