मदत हवी आहे: फिजिऑलॉजी पाठ झाली, पॅथॉलॉजीची स्लाइड मात्र ओळखू येत नाही

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची. सयाजीराव विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

पहिल्या वर्षी फिजिऑलॉजीत (शरीर कसं चालतं तो विषय) मला चांगले मार्क होते, पण खरं सांगायचं तर ते घोकंपट्टीचे. न्यूबावर चेंबर (रक्तपेशी मोजायची, चौकोन आखलेली काच) घ्या, पाच चौकोनांतल्या तांबड्या पेशी मोजा, आकड्याला 10,000 ने गुणा. का गुणायचं? रक्त 200 पट पातळ केलेलं, चेंबरची खोली 0.1 मिमी, पाच चौकोनांचं क्षेत्रफळ मिळून 0.2 चौरस मिमी. हा हिशोब मी सुट्टीत सहज मांडून पाहिला तेव्हा कळला. परीक्षेत न कळताच पूर्ण मार्क मिळून गेले होते!

पॅथॉलॉजीत, म्हणजे आजारात अवयव आणि पेशी कशा बिघडतात त्या विषयात, ही युक्ती चालेना. (घरी सगळ्यांना वाटतं पॅथॉलॉजी म्हणजे रक्त-लघवी तपासायची लॅब. आजी तर विचारते, "डॉक्टर व्हायचं सोडून तू लॅबवाली कशाला होतेयस?") एच अँड ई या नेहमीच्या दोन रंगांनी रंगवलेल्या सगळ्या स्लाइड्स मला एकाच ताग्यातून कापल्यासारख्या दिसतात. गुलाबी जमीन, त्यावर जांभळे ठिपके. गेल्या महिन्यात स्पॉटिंगला (स्लाइड किंवा नमुना बघून आजार ओळखायच्या परीक्षेला) यकृत होतं. पेशींत पांढऱ्या पोकळ्या दिसल्या, मी 'फॅटी चेंज' (पेशींत चरबी साठणं) लिहून मोकळी झाले. निघाली सीव्हीसी लिव्हर, म्हणजे हृदयाची उजवी बाजू थकली की यकृतात रक्त तुंबून राहतं, ती. त्याच विकाराचं यकृत शेजारच्या बरणीतही होतं. कापल्यावर जायफळासारखं दिसतं म्हणून नटमेग लिव्हर. श्रीखंडासाठी जायफळ किसायचं काम आमच्याकडे माझंच, तरी ओळखलं नाही.

एकदाच काहीतरी जुळलं. आमच्याकडे छोटा उदेपूर भागातून सिकल सेलचे रुग्ण येतात. तिथल्या आदिवासी समाजात हा आजार आहे. सिकलिंग टेस्टमध्ये रक्ताच्या थेंबात मेटाबायसल्फाइट हे रसायन घालून कव्हरस्लिप कडेने बंद करतात. आतला ऑक्सिजन संपत जातो आणि गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलीन, हे वाक्य मला पाठ होतं. ऑक्सिजन सुटल्यावर असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून काड्या बनवतं आणि पेशी वाकते, हे तिथे डोळ्यांसमोर बघितलं. तेवढा धडा मी आजही झोपेतून उठवलं तरी सांगीन.

प्रश्न असा, की बाकीच्या विषयाचं असं कसं करायचं? फिजिऑलॉजी पहिल्यापासून पुन्हा वाचायला वेळ नाही. सकाळी वॉर्ड, दुपारी वर्ग, वर फार्माकॉलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी आहेतच. ज्यांनी हे निभावलंय त्यांनी कृपया सांगावं.

– सुरसागरकाठची

---

जुना_बडोदेकर:
अगं, सगळं परत वाचू नकोस. ज्या अवयवाची पॅथॉलॉजी उद्या आहे, त्याची फिजिऑलॉजी आदल्या रात्री वीस मिनिटं वाच, बास.

तुझंच यकृत घे. लोब्यूलमध्ये, म्हणजे यकृताच्या एकेका छोट्या भागात, रक्त कडेच्या पोर्टल ट्रायडकडून (रक्तवाहिन्या आणि पित्तनलिकेच्या जुडग्याकडून) मधल्या शिरेकडे वाहतं. म्हणजे ऑक्सिजन सगळ्यात शेवटी कुणाला मिळतो? मधल्या शिरेभोवतीच्या पेशींना. हृदय थकलं की दाब खालच्या महाशिरेतून उलटा चढत त्याच मधल्या शिरेपाशी येतो. मग रक्त कुठे साचणार आणि पेशी आधी कुठे मरणार, हे स्लाइड न बघताही सांगता येईल. जायफळातल्या गडद रेषा म्हणजे हेच मधले भाग.

दुसरं, तुम्ही मुलं थेट 40 च्या लेन्सवर उडी मारता. आधी स्कॅनरवर, म्हणजे सगळ्यात कमी मोठं दाखवणाऱ्या लेन्सवर बघ, रंग कुठे गडद आहे, कुठे फिका आहे. मग 10. पेशीच्या जवळ अगदी शेवटी जायचं. आणि रोज एक स्लाइड लाल-निळ्या पेन्सिलने काढ. हात चालला की डोळा थांबतो.

पोहेवाली_ताई:
मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण जायफळ किसायच्या आधी आडवं कापून बघ. आत खरंच तपकिरी नक्षी असते.

सुरसागरकाठची:
ताई, कापलं! आई ओरडली, पण नक्षी दिसली.

काका, आज डेमोच्या वेळी तीच स्लाइड स्कॅनरवर लावून बघितली. मधल्या शिरांभोवती लाल गडद डाग, कडेला फिकट पट्टे. आणि त्या फिकट पट्ट्यातल्या काही पेशींत चरबीच्या पोकळ्या होत्याच. मी त्या दिवशी थेट 40 वर तेवढाच तुकडा बघून उत्तर लिहिलं होतं. म्हणजे 'फॅटी' अगदीच हवेतून आलं नव्हतं. मार्क काही परत मिळणार नाहीत, असो.

पुढच्या आठवड्यात किडनी आहे. ग्लोमेरुलसच्या (किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंत्याच्या) गाळणीचं माझं पहिल्या वर्षीच कच्चं राहिलंय. लघवीतून प्रोटीन का जातं, एवढं समजायला नेमकं कुठून सुरू करू?