क्वार्टर फायनलपासून पुढचं कसं ओळखायचं? दरवेळी भाकरी मलाच आणावी लागते

सात_रस्ता:
आमचा पाच जणांचा ग्रुप हाय, टेनिसच्या ग्रँड स्लॅमचा ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार ते, पडला की प्रत्येकानं क्वार्टरचे 8, सेमीचे 4, फायनलचे 2 आणि चँपियन लिहून टाकायचा. क्वार्टरचं नाव बरोबर आलं तर 1 मार्क, सेमीला 2, फायनलला 4, चँपियनला 8. पैसे बिसे काय नाय, जो शेवटला राहतो त्यानं सगळ्यांना कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. 2025 मध्ये चारपैकी तीन वेळा मीच आणली. विंबल्डनला मी सरळ 1 ते 8 सीड (मानांकन) बघून नावं टाकली तर त्यातले 4च क्वार्टरला पोचले, सिनर, अल्काराझ, फ्रिट्झ, जोकोविच, आणि चँपियन अल्काराझ लिहिलेला तो फायनलला हरला. आता जानेवारीत सोलापूरची गड्डा यात्रा आणि ऑस्ट्रेलियन ओपन एकदमच येतंय, काय तरी सांगा बे.

कुमठानाका_बॅकहँड:
चँपियन कोण ह्यावर डोकं लावू नको. 2024 आणि 2025 ची आठच्या आठ ग्रँड स्लॅम ह्या दोघांतच गेलीत, चार सिनरला चार अल्काराझला, म्हणजे तुमच्यातले पाचही जण ह्यातलंच एक नाव लिहिणार. तिथं नाणंफेक. फरक पडतो तो बाकीच्या सहा नावांत.

आणि सीडचा आकडा एकटा बघून काय होत नाय, ड्रॉ बघ. 1 आणि 2 कायम ड्रॉच्या वेगवेगळ्या हाफला (अर्ध्या भागाला), 3 आणि 4 चिठ्ठीवर, मग 5 ते 8 एकेका क्वार्टरला, म्हणजे ड्रॉच्या पाव भागाला, एक. असा प्रत्येक पाव भाग म्हणजे एक वाडा धर आणि त्याचा मालक, म्हणजे तिथला वरचा सीड, किती डळमळीत आहे ते बघ. त्याच विंबल्डनला 3 नंबरचा झ्वेरेव पहिल्याच राउंडला रिंडरनेककडून हरला, 4 नंबरचा ड्रेपर दुसऱ्याला चिलिचकडून. पण गंमत बघ, पाडलं त्यांनी आणि क्वार्टरला पोचले तिसरेच, इकडं खाचानोव, तिकडं कोबोली. म्हणून 3 आणि 4 नंबरच्या वाड्यात मी कायम 15 ते 25 सीडमधला एक तरी टाकतो. दोन्हीकडं नको, एकीकडंच.

बाळीवेस:
वरचं पटलं पण हे सगळं ग्रँड स्लॅमच्या पाच सेटच्या मॅचला, तिथं चांगल्या प्लेयरला एक सेट घालवून सावरायला वेळ मिळतो. तीन सेटला काय खरं नसतं. 2025 ची शांघायची स्पर्धा घ्या, 204 रँकिंगचा वाशरो क्वालिफायिंग (पात्रता फेरी) खेळून आला, सेमीला जोकोविचला काढलं आणि फायनलला स्वतःच्याच मावस की चुलत भावाला, तोच तो रिंडरनेक! तिथंच सिनर ग्रीक्सपूरविरुद्ध तिसऱ्या सेटला पायात गोळे येऊन थांबला.

ह्या ग्रीक्सपूरला मी 2023 ला पुण्याच्या बालेवाडीत स्पर्धेला बघितलंय. हुतात्मा एक्सप्रेसनं गेलो होतो पहिल्या सीडसाठी, तो गुडघ्यामुळं उतरलाच नाय आणि कप नेला ह्यानं. बायको अजून ऐकवते. तेव्हापासून मी नाव बघायच्या आधी पाय बघतो, म्हणजे आधीच्या तीन मॅचला किती तास कोर्टवर होता ते. पाच-पाच सेट दोनदा खेळून क्वार्टरला आलेला माणूस मी सेमीला लिहित नाय.

सात_रस्ता:
अहो पण मी लिहितो ड्रॉच्या दिवशी, तेव्हा तास कुठनं आणू? आणि दुखापतीचं काय करायचं, विंबल्डनला दिमित्रोव सिनरवर दोन सेटनं पुढं होता आणि छातीचा स्नायू दुखावून सोडावं लागलं, नाय तर सिनरचं नाव माझ्या क्वार्टरलाच कटलं असतं.

बाळीवेस:
मग नियम बदला की. क्वार्टरचे 8 ड्रॉच्या दिवशी, सेमीपासूनचं क्वार्टर ठरल्यावर परत लिहायचं. तेव्हा तास पण कळतात, पट्टी कुणाच्या मांडीला आहे ते पण दिसतं.

कुमठानाका_बॅकहँड:
हे बरोबर. आणि चँपियनचे 8 चे 4 करा, नाय तर नाणंफेकीवरच भाकरी ठरणार.

सात_रस्ता:
ग्रुपवर टाकलं. चौघांपैकी तिघं हो म्हणले, जो 2025 मध्ये तीनदा पहिला आला तो म्हणलालाय नियम बरोबर हायत, तुझंच डोकं चालत नाय.