'प्रायमरी ग्रुप' आणि 'सप्लिमेंटरी ग्रुप' यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: लिनक्समधील वापरकर्ता खात्यांची मराठी मार्गदर्शिका तयार होत आहे. गट म्हणजे परवानग्या एकत्र देण्यासाठी केलेला खात्यांचा समूह; प्रत्येक खात्याला एक प्रायमरी गट असतो, शिवाय सप्लिमेंटरी गट जोडता येतात. 'मुख्य गट' आणि 'दुय्यम गट' हे शब्द चालतील का?

उत्तर १: 'दुय्यम' अजिबात नको. वाचणाऱ्याला वाटेल, या गटातून मिळणारे हक्क कमी दर्जाचे. परवानगी तपासताना लिनक्स दोन्ही प्रकारचे गट सारखेच धरते. फरक पडतो तो नव्या फाइलवर कोणत्या गटाचे नाव लागणार यात. तिथे प्रायमरी गट लागतो (फोल्डरवर सेटजीआयडी ही खास खूण असेल, उदा. २७७५ अशी परवानगी, तर मात्र फोल्डरचा गट लागतो). म्हणून 'मूळ गट' आणि 'पूरक गट' सुचवतो.

उत्तर २: 'पूरक' नेमका आहे. 'मूळ'ला मात्र हरकत: 'रूट'साठी (सर्वाधिकार असलेल्या खात्यासाठी) मराठीत 'मूळ' रुळला आहे. 'मूळ गट' वाचून कुणी शून्य क्रमांकाचा रूट गट समजला, तर भलत्याच खात्याला भलते हक्क जातील. 'प्राथमिक गट' ठेवा. पक्षाचे 'प्राथमिक सदस्यत्व' आपण रोज वाचतो, तोच अर्थ इथे बसतो.

'सदस्य' हा शब्दही जपून वापरा. ग्रुप फाइलच्या (गटांची यादी असलेल्या फाइलच्या) चौथ्या रकान्यात पूरक सदस्यांचीच नावे असतात. ज्यांचा तो प्राथमिक गट आहे, त्यांची नोंद पासवर्ड फाइलच्या (खात्यांची यादी असलेल्या फाइलच्या) चौथ्या रकान्यात, तीही गटाच्या क्रमांकाने. ग्रुप फाइल पाहून 'गटात कुणीच नाही' असे ठरवू नये.

उत्तर १: रूटचा मुद्दा मान्य. 'प्राथमिक' घ्या.

उत्तर ३: नामांपेक्षा क्रियापदांत जास्त घोटाळा होतो. 'यूजरमॉड' या खाते बदलण्याच्या आज्ञेला नुसता कॅपिटल 'जी' हा पर्याय दिला की पूरक गटांची यादीच बदलते. न लिहिलेले गट गळतात. उबुंटूत त्यात 'सुडो' गट (प्रशासकाचे हक्क देणारा) गेला आणि दुसरे प्रशासक खाते नसेल, तर सहसा रिकव्हरी मोडमधून दुरुस्ती करावी लागते, कारण रूटचा पासवर्ड सहसा ठेवलेला नसतो. सोबत स्मॉल 'ए' दिला तरच भर पडते. म्हणून पहिल्याला 'गटयादी बदला', दुसऱ्याला 'गटात भर घाला' असे लिहा. दोन्हीकडे 'गट द्या' लिहिले तर वाचणारा फसेल.

उत्तर २: 'भर घाला'च्या लगेच खाली 'बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा' हेही हवे. चालू सत्राला नवा गट कळत नाही. 'आयडी' आज्ञा खात्याच्या नावासह दिली तर नवा गट दिसतो, नावाशिवाय दिली तर चालू सत्रातले जुनेच गट दिसतात.