‘तडजोड’ की ‘मांडवली’? कॉपीराइटचा दावा मिटतो तेव्हा

प्रश्न : लाइमवायर या अमेरिकी फाइल-शेअरिंग सेवेवर लेख लिहितेय. रेकॉर्ड कंपन्यांशी त्यांचं कॉपीराइटचं प्रकरण मे २०११ मध्ये १०.५ कोटी डॉलरवर मिटलं. ‘खटला’ लिहू की ‘दावा’? ‘दंड’ की ‘भरपाई’? आणि मिटलं याला ‘मांडवली’ चालेल?

उत्तर : ‘दावा’च लिहा. बोलताना आपण सगळ्यालाच खटला म्हणतो, पण खटला म्हटलं की आरोपी आणि शिक्षा डोळ्यांसमोर येतात. इथे वादी कंपन्या, प्रतिवादी लाइमवायर. दंड सरकारजमा होतो; हे पैसे वादींना मिळायचे, म्हणून ‘भरपाई’.

‘मांडवली’ कृपा करून नको. मुंबईत त्या शब्दाला खंडणीचा वास आहे. ‘समेट’ रुसलेल्या भावाभावांत होतो, ‘तोडगा’ संपावर निघतो. कोर्टातला रुळलेला शब्द ‘तडजोड’. आपल्याकडे दिवाणी कोर्टात दोन्ही पक्ष सह्या करून ‘तडजोड पुरसीस’ म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन देतात आणि तिच्यावरून हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकालाचा आदेश होतो.

शंका : पण लाइमवायरला कोर्टाने आधीच दोषी ठरवलं होतं ना? मग तडजोड कसली?

उत्तर : ‘दोषी’ नव्हे, ‘जबाबदार’. न्यायाधीश किंबा वुड यांनी ते मे २०१० मध्येच ठरवलं होतं. भरपाई किती, एवढंच ज्युरीपुढे उरलं होतं आणि ती सुनावणी चालू असतानाच आकडा ठरला. जबाबदारीचा निर्णय झाला म्हणून तडजोडीची वाट बंद होत नाही.

आणखी एक : ‘कोर्टाबाहेर मिटलं’ हेही सरसकट लिहू नये. फिल्म स्टुडिओंनी हॉटफाइल या फाइल साठवून वाटण्याच्या साइटवर फ्लोरिडात दावा लावला होता. डिसेंबर २०१३ मध्ये ८ कोटी डॉलरचा हुकूमनामा झाला, तोही दोन्ही पक्षांच्या संमतीने. पुढच्या वर्षी सोनी पिक्चर्सचे ईमेल चोरीला जाऊन बाहेर आले, तेव्हा कळलं की प्रत्यक्ष देणं ४० लाख डॉलरचंच ठरलं होतं. म्हणून ‘हॉटफाइलने ८ कोटी भरले’ हे वाक्य खोटं. ‘८ कोटींचा हुकूमनामा झाला’ हे खरं. यूट्यूबवर वायकॉम या मनोरंजन कंपनीने २००७ मध्ये १ अब्ज डॉलरचा दावा लावला, तो २०१४ मध्ये पैशांची देवघेव न होता मिटला. तिथे ‘भरपाई’ शब्दच गैरलागू.

प्रश्नकर्ती : मग असं लिहिते : ‘भरपाईची सुनावणी सुरू असतानाच लाइमवायरने रेकॉर्ड कंपन्यांशी १०.५ कोटी डॉलरवर तडजोड केली.’

उत्तर : चोख. लेखात पुढे कुठे ‘आरोपी’ राहिला असेल, तर तिथेही ‘प्रतिवादी’ करा.