'डोअर आर्म्ड'ला मराठीत काय म्हणायचं? आणि घसरगुंडी हा पोरकट शब्द आहे का?

धंतोलीकर
नमस्कार मंडळी, एका भाषांतरात तीन दिवस अडकलेय. विमानाला जमिनीवरून हात लावणारी जी माणसं असतात, लोडर, सफाईवाले, जेवणाच्या गाड्या लावणारे, त्यांच्यासाठी सुरक्षेची छोटी पुस्तिका मराठीत करून द्यायचीय. वाचणारे बहुतेक नागपूरजवळच्या खापरी, शिवणगाव, बुटीबोरीकडचे. वाक्य साधं आहे: दार 'आर्म्ड' असताना बाहेरून उघडू नका, आतली 'स्लाइड' (आणीबाणीत प्रवाशांना घसरत खाली उतरायची सोय) फुगून अंगावर येईल. आधीच्या खर्ड्यात कुणीतरी 'दार सशस्त्र असताना' लिहून ठेवलं होतं. मी ते काढून 'घसरगुंडी जोडलेली असताना' केलं. तपासणाऱ्या सरांनी घसरगुंडीवर लाल रेघ मारली, शेरा दिला 'बागेतला शब्द, गांभीर्य नाही' आणि वर लिहिलं 'आपत्कालीन निष्क्रमण सरकपट्टिका'. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा लोडर आहे, त्याला ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सामान सरकवायचा पट्टा का ताई?" म्हणजे त्याच्या डोळ्यासमोर बॅगा चढवायचा बेल्ट आला! ज्याच्यासाठी लिहायचं त्यालाच भलती वस्तू दिसत असेल तर काय उपयोग. तर स्लाइडला काय आणि आर्म्डला काय, सुचवा.

हँगरातला
ताई, आधी वस्तू सांगतो मग शब्द पाहू. दाराच्या आतून खालच्या बाजूला जो फुगवटा दिसतो त्यात स्लाइड घडी करून ठासलेली असते. तिच्या कापडाच्या टोकाला एक दांडी असते, गर्ट बार म्हणतात. निघायच्या वेळी दारं बंद झाली की क्रू ती दांडी उंबऱ्याजवळच्या खोबणीत अडकवते, हेच आर्म करणं. आता दार उघडलं की दार जातं बाहेर पण दांडी राहते जमिनीला धरून, त्यामुळे पॅक ओढला जाऊन बाहेर पडतो आणि सिलिंडर सुटतो. त्यात दाबून भरलेला गॅस असतो, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन, पण सगळी स्लाइड त्या गॅसने भरत नाही, तो जोरात सुटताना आजूबाजूची हवा सोबत ओढून नेतो. आपल्या शेगडीच्या बर्नरच्या नळीला हवेची भोकं असतात नं, तेच तत्त्व. म्हणून तर एवढं मोठं धूड ६ सेकंदांत उभं राहतं, आणि नियमच तसा आहे. पोचल्यावर दांडी काढून ठेवली की दार साध्या दारासारखं उघडतं.

आणखी एक, पुस्तिकेत सरसकट लिहू नका. एअरबस ३२० चं दार बाहेरून उघडलं तर स्लाइड आपोआप डिसआर्म होते. बोइंग ७३७ मध्ये तशी सोय नाही, तिथे दांडी हातानेच लावायची-काढायची, आणि लावलेली आहे हे कळावं म्हणून दाराच्या खिडकीवर लाल पट्टा आडवा ओढलेला असतो. बाहेरच्या माणसाला तोच दिसतो.

मुठेकाठचा
मी पुण्याचा, नोकरीमुळे नागपुरात सहा वर्षं. 'सशस्त्र' अर्थातच चूक, दाराच्या हातात काही तलवार नाही, पण 'सज्ज' हा तयार शब्द असताना अडायचं काय कारण? स्लाइड सज्ज आहे. आणि सरांचा शब्द लांबलचक असेल पण मुद्दा खोटा नाही. जिवाशी संबंध असलेल्या वस्तूला भारदस्त नाव हवंच, माणूस दचकून थांबला पाहिजे. रुग्णवाहिका, अग्निशमन हे शब्द सुरुवातीला जडच वाटले असतील, रुळले ना?

खामल्याचा_पोट्टा
रुळले पाटीवर! रात्री दोन वाजता बाबांच्या छातीत दुखलं तेव्हा मी फोनवर "अँब्युलन्स पाठवा" असंच ओरडलो भाऊ, घाबरलेला माणूस रुग्णवाहिका म्हणतच नाही. आणि मुळात घसरगुंडी तरी कोण म्हणते राजेहो? आम्ही ट्रॅफिक पार्कात लहानपणापासून घसरपट्टीच म्हटलं, हिंदीवाले पोट्टे फिसलपट्टी म्हणत. घसरगुंडी मी पहिल्यांदा शाळेच्या पुस्तकात वाचला. आपल्या इकडच्या लोकांसाठी आहे तर इकडचा शब्द टाका.

शिक्षिका_बुटीबोरी
आमच्या शाळेत दोन्ही म्हणतात हो. वर्धेकडची मुलं घसरगुंडी म्हणतात, मी स्वतः ऐकलंय. पण पट्टीत एक घोळ आहे तो बघा. हँगरातले भाऊ म्हणाले खिडकीवर लाल पट्टा. आता 'लाल पट्टी आडवी असेल तर घसरपट्टी जोडलेली आहे' असं छापलं तर वाचणारा दोन पट्ट्यांत गोंधळेल. त्यात कंबरेच्या सीटबेल्टलाही आपण पट्टाच म्हणतो. म्हणून मला गुंडी बरी वाटते, ती दुसऱ्या कशात मिसळत नाही.

आर्मसाठी मात्र माझ्याकडे एक जुना शब्द आहे. गर्ट म्हणजे घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळायचा जो पट्टा असतो त्याच्याच कुळातला शब्द. त्याला मराठीत अस्सल शब्द आहे, तंग. माझे आजोबा टांगा ठेवून होते, सकाळी जुंपताना "तंग आवळला का रे" असं विचारायचे आणि स्वतः दोन बोटं घालून पाहायचेच, सैल असला तर शिव्या. तर त्या दांडीला 'तंगदांडी' म्हणा आणि आर्मला 'तंग लावणे'. दार तंग आहे, दार मोकळं आहे. किती छान बसतं!

मुठेकाठचा
ताई शब्द सुंदर आहे, पण आज 'दार तंग आहे' म्हटलं तर लोकांना वाटेल दार घट्ट बसलंय, जोर लावा. नेमका उलटा परिणाम. त्यापेक्षा दांडीला 'अडसर' का नको? दारामागे आडवी दांडी, सगळ्यांना ठाऊक.

हँगरातला
अडसर नाही चालणार. अडसर लावला की दार उघडत नाही. इथे दांडी लावलेली असली तरी दार उघडतंच, आणि उघडलं म्हणूनच तर भानगड होते. अडसर लिहाल तर माणूस म्हणेल दार उघडलं म्हणजे अडसर नव्हता. तंग कल्पना म्हणून मला आवडला, कारण कापड जमिनीला बांधून धरणं हेच त्या दांडीचं काम. पण आम्ही हँगरमध्ये आपसात मराठीतच बोलतो तरी म्हणतो "आर्म आहे का बघ", "पिन लावली का", "स्लाइड निघाली". नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतो. पुस्तिकेत तंगदांडी वाचलेला पोरगा माझ्याकडे आला तर मला त्याला परत सगळं इंग्रजीत सांगावं लागेल.

निवृत्त_क्रू
एकवीस वर्षं केबिन क्रूमध्ये काढली, आता नागपुरात घरी. घसरगुंडीवर माझा आक्षेप आहे आणि तो गांभीर्याचा नाही. बागेत मूल काय करतं? वर जातं, बसतं, दोन्ही बाजूंच्या कडा धरतं, खाली बघतं, मग हळूच सुटतं. विमानात हे चारही चूक! दारात बसायचं नाही, उडी टाकायची, हात छातीशी, कडा धरल्या तर घासून हात सोलवटतात. ४४ पेक्षा जास्त प्रवाशांचं विमान असलं तर सगळे ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात हे दाखवावं लागतं, तेही निम्मीच दारं वापरून, अंधारात. एअरबस ३८० ची ही परीक्षा २००६ साली हँबुर्गला झाली, ८७३ माणसं ७८ सेकंदांत उतरली. तिथे प्रत्येकाने दारात बसून खाली बघितलं असतं तर? म्हणून शब्द असा हवा की ऐकल्यावर माणूस बसणार नाही.

आणि सामान घेऊ नका हे मराठीत ठणकावून लिहा. टोकियोच्या हानेडा विमानतळावर २ जानेवारी २०२४ ला जे प्रवासी विमान जळालं त्यातले ३७९ च्या ३७९ बाहेर आले, आठपैकी तीनच दारं वापरता आली तरी. मी ती दृश्यं चारदा पाहिली, स्लाइडवरून माणसं येतायत आणि हातात बॅगा जवळजवळ नाहीतच. आमच्या प्रशिक्षणात यासाठीच घसा फोडून ओरडायला लावायचे.

धंतोलीकर
हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. पण मला वाटतं बसायचं की उडी टाकायची हे नाम सांगत नाही, क्रियापद सांगतं. 'घसरगुंडीवर उडी टाका' लिहिलं की झालं. आणि पोरकटपणाचं म्हणाल तर पॅराशूटला आपण हवाई छत्री म्हणतोच की. छत्री पावसाळ्यात कोपऱ्यात निथळत ठेवायची वस्तू, पण छत्रीसैनिक म्हटल्यावर कोणी हसत नाही. घरातल्या शब्दाला काम दिलं की तो मोठा होतो असं मला मनापासून वाटतं.

मुठेकाठचा
छत्रीचा दाखला उत्तम, इथे मी हरलो. गंमत म्हणजे दोन्ही शब्दांचं नातं निघतं. पॅराशूटमधला शूट म्हणजे फ्रेंचमध्ये पडणं, आणि या स्लाइडलाही आधी 'एस्केप शूट' म्हणत, १९५० च्या दशकातल्या अमेरिकन पेटंटमध्ये हाच शब्द आहे. म्हणजे एक पडण्यापासून वाचवणारी छत्री आणि एक वाचण्यासाठी पडायची वाट. 'सुटकेचा उतार' कसं वाटतं?

खामल्याचा_पोट्टा
उतार म्हणजे वर्धा रोडचा उतार वाटते भाऊ. एक विचारायचं होतं, त्या स्लाइड चंदेरी काऊन असतात? आपल्या मे महिन्यात ट्रॅफिक पार्कातल्या पत्र्याच्या घसरपट्टीवर दुपारी बसलं की चड्डीतून चटका बसे, विमानाची तापत नाही का?

हँगरातला
तापण्यासाठीच तो लेप आहे, म्हणजे तापू नये म्हणून. १९७८ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसला एका डीसी-१० ला टेकऑफ सोडून देताना आग लागली, तेव्हा ज्वाळा न लागताही नुसत्या धगीने स्लाइड निकामी झाल्या. त्यानंतर कापडाला धग सोसायची कसोटी आली आणि उष्णता परतवणारा ॲल्युमिनियमचा लेप द्यायला लागले. इंग्रजीत रेडियंट हीट म्हणतात, ताई तुमच्या पुस्तिकेत असेल तर 'किरणोत्सारी उष्णता' असलं काही कृपया लिहू नका, धग लिहा. चुलीपासून हातभर लांब बसलेल्यालाही लागते ती धग.

शिक्षिका_बुटीबोरी
धग! याला म्हणतात शब्द. झळ वाऱ्याबरोबर येते, आपल्याकडे उन्हाच्या झळा म्हणतात, पण धग जागेवरून लागते.

धंतोलीकर
मंडळी, काल मावशींच्या त्या लोडर मुलाला घरी बोलावून चहा दिला आणि पाच वाक्यं समोर ठेवली. 'स्लाइड सज्ज असताना' वाचून म्हणाला, सज्ज म्हणजे तयार, मग उघडा ना. 'जोडलेली' कळलं. सगळ्यात लवकर कळलं ते हे: 'दाराच्या खिडकीत लाल पट्टा आडवा दिसला तर हँडलला हात लावू नका. दार ठोका आणि आतून अंगठा दाखवेपर्यंत थांबा.' वाचता वाचताच त्याने हात मागे घेतला, खरंच, कपावरचा हात. या वाक्यात स्लाइडही नाही आणि आर्म्डही नाही. तेच आज पाठवतेय. धग पण घेतली. पण प्रकरणाच्या मथळ्याला नाव लागणारच आहे आणि सर सरकपट्टिकेवर ठाम आहेत.

निवृत्त_क्रू
मथळा 'उडी टाकायची जागा' करा. मी गंभीरपणे सांगतेय.

हँगरातला
मथळ्यात स्लाइड ठेवा, देवनागरीत. उद्या त्याला रेडिओवर तोच शब्द ऐकू येणार आहे.

शिक्षिका_बुटीबोरी
बरं ती गुंडी कुठून आली हे कोणी सांगितलंच नाही. आमच्याकडे गुंड म्हणजे पाण्याचं पितळी भांडं, त्याचं छोटं रूप गुंडी. गोल भांडं उतारावर सोडलं की गडगडत जातं, म्हणून घसरगुंडी असावं असं माझं मत.

मुठेकाठचा
पण आमच्याकडे गुंडी म्हणजे सदऱ्याचं बटण, आई अजून "गुंडी लाव" म्हणते. आणि भांडं गडगडतं ताई, घसरत नाही. त्या न्यायाने गडगडगुंडी व्हायला हवं होतं.

खामल्याचा_पोट्टा
बटणालाही आमची आजी गुंडीच म्हणे, ती काटोलची. मी उद्या मोठ्या काकूला विचारतो, त्या भंडाऱ्याच्या आहेत, तिकडे गुंड घरोघरी असत.