घर न सोडता ‘मी’ म्हणणारी बहीण कुठे वाचायला मिळेल?

मंडळी, मदत हवी आहे. पुढच्या रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर मला भावंडांवरच्या साहित्याबद्दल बोलायचंय. सुरुवात महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकापासून करतेय. त्यातल्या भास्कर-सुधीर या भावांची धुसफूस कळते, पण मी अडकलेय त्यांची बहीण प्रभा आणि भाऊ चंदू यांच्यापाशी. एकीचं शिकायचं राहूनच गेलं, दुसरा घरासाठी निमूट राबतोय, आणि अंगणात तो गंजका ट्रॅक्टर! (मीही तिघांतली मधली, म्हणून जरा जास्तच लागतं.)

आता याच्या जोडीला अशी बहीण हवीय, जी घरातच राहून, भावंडांना धरून, तरी स्वतःची राहते. पळून गेलेली नको, त्या बऱ्याच सापडल्या. कथा असेल तर उत्तम, अनुवादही चालेल. जाडजूड कादंबरी मात्र आठवड्यात उरकणार नाही. काही आठवतंय का कुणाला?